एकट्या माणसाचा स्पीकर

माझ्या बायकोने चष्मेवाल्याच्या घरी गाणं ऐकताना डोळे पुसले. तळहाताने, कुणाला दिसू नये अशा बेताने पुसले, पण मला दिसलं. आम्ही सगळे सहकुटुंब त्याच्याकडे चहाला गेलो होतो. बायका बाहेर सोफ्यावर होत्या आणि आम्ही पुरुष आतल्या खोलीत त्याच्या जुन्या ॲम्प्लिफायरचं झाकण उघडून बसलो होतो. मी पाणी प्यायला बाहेर आलो, हे पाहिलं आणि पाणी न पिताच परत आत गेलो.

माझ्या घरात ऐकायची वेगळी खोली आहे. भिंतींना जाड कापडाचे तक्ते, खाली गालिचा, खिडकीला दुहेरी पडदा. त्या खोलीत ही आजवर एक गाणं पुरतं बसलेली नाही. खांद्यावर टॉवेल टाकून दारात येते, “जरा कमी करता का, बेल वाजलेली कळत नाही,” म्हणते आणि जाते. आणि तिथे, लोकांच्या सोफ्यावर बसून डोळे पुसते. बरं, त्याचे स्पीकर माझ्यापेक्षा भारी असते तर मी समजून घेतलं असतं. पण स्पीकर तेच. त्याच कंपनीचे, त्याच मापाचे, लाकडाचा रंगसुद्धा तोच. माझ्या पोटात दुखायला लागलं ते त्या दिवसापासून. मला फार काही नको होतं. हिने माझ्या खोलीत बसून एक गाणं शेवटपर्यंत ऐकावं, आणि डोळे पुसायचेच असतील तर माझ्यासमोर पुसावेत, एवढंच.

आमची मंडळी कोण ते सांगतो. मी दातांच्या डॉक्टरांना कवळ्या करून देतो, म्हणून मंडळीत माझं नाव कवळी. मास्तर शाळेत पदार्थविज्ञान शिकवायचे आणि निवृत्त झाले तरी शिकवायचे थांबलेले नाहीत. लिफ्टवाला उंच इमारतींच्या लिफ्ट सांभाळतो आणि नुसत्या आवाजावरून कुठली पुली गेली ते ओळखतो, असं तोच सांगतो. आणि चष्मेवाल्याचं चष्म्यांचं दुकान. चौघांकडे एकच स्पीकर आहे. आम्ही त्याला लाडाने ठेंगू म्हणतो. हा पुस्तकांच्या कपाटात मावतो म्हणून त्याला बुकशेल्फ स्पीकर म्हणायचं, पण जाणता माणूस त्याला कपाटात कधीच ठेवत नाही. भिंतीपासून लांब, लोखंडी स्टँडवर ठेवतो. आमच्यात अजाण एकच होता, चष्मेवाला. त्याचे ठेंगू खरोखरच पुस्तकांमध्ये बसलेले होते.

दर रविवारी सकाळी एकेकाच्या घरी आम्ही जमतो. खोलीत एकच खुर्ची. दोन स्पीकर आणि ती खुर्ची, तिन्हींमधलं अंतर सारखं. माझ्याकडे तर खुर्चीच्या चारही पायांच्या जागा गालिच्यावर चिकटपट्टीने आखलेल्या होत्या. तिथे बसलं की गाणारी बाई दोन स्पीकरांच्या बरोबर मधे, हवेत उभी राहते. तिने श्वास घेतलेला ऐकू येतो. त्या खुर्चीला आम्ही गादी म्हणतो. एका गाण्यापुरता एक जण गादीवर बसणार, बाकीचे मागे भिंतीला टेकून उभे. बोलायचं नाही, खोकायचं नाही. गाणं संपलं की गादीवरचा मुकाट्याने उठणार आणि पुढचा बसणार. चष्मेवाल्याकडे मात्र लांबलचक सोफा, त्याचा मध्य कुठला हे त्यालाच माहीत नाही. त्याच्या घरचा रविवार आम्ही सुटीचाच धरत होतो.

त्यात त्याचे स्पीकर तिरळे. म्हणजे दोन्ही इतके आत वळवलेले, की एकमेकांच्या नाकाकडे बघतायत असं वाटावं. “लोकांचे डोळे तपासतोस आणि घरात हे तिरळे पाळलेस,” असं मी त्याला किती वेळा म्हटलं असेन. तो हसायचा. तो सगळ्यालाच हसतो, हा त्याच्यातला दोष आहे.

आणि मग ते परीक्षण आलं. इंटरनेटवर एक परीक्षक आहे. आम्ही चौघे त्याचं लिखाण इतर लोक राशिभविष्य वाचतात तसं वाचतो. दुसऱ्यांच्या स्पीकरांची त्याने सालटी काढली की आम्ही ती वाक्यं पाठ करून एकमेकांना ऐकवतो. मी कुणाचे तरी पुढचे दात मेणात बसवत होतो तेव्हा मास्तरांचा फोन आला.

“कवळी, हातातलं खाली ठेव,” ते म्हणाले. “त्याने आपल्या ठेंगूवर लिहिलंय.”

आवाज असा, की मी आधी विचारलं, “दवाखान्यात नेलंय का?”

संध्याकाळी सगळे मास्तरांकडे जमलो. मास्तरांनी उभं राहून वाचून दाखवलं. आवाजाला पाया नाही, असं लिहिलं होतं. ते आम्ही गिळलं, एवढ्याशा पेटीतून ढोल कुठून निघणार. बाईच्या आवाजाला धार येते, असं लिहिलं होतं. तेही गिळलं. मग मास्तरांचा आवाज जरा खाली आला. “एका ठरावीक खुर्चीत बसून ऐकलंत तर हा स्पीकर चांगला आहे. त्या खुर्चीतून वीतभर बाजूला सरका, की गाणारी बाई खड्ड्यात पडते. हा एकट्या माणसाचा स्पीकर आहे. ज्याच्या शेजारी कुणी बसत नाही, त्याने खुशाल घ्यावा.”

मास्तरांची बायको चहा घेऊन आली, आमच्या तोंडांकडे पाहून म्हणाली, “कोण गेलं?” आणि उत्तराची वाट न पाहता कप ठेवून आत गेली.

मग बांध फुटला. लिफ्टवाला म्हणाला, ह्याला कान आहेत की नुसती भोकं आहेत. मास्तर म्हणाले, मोजमापाचं गणितच चुकलंय, आणि पेन काढून वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर आलेख काढायला लागले. लिफ्टवाला म्हणाला, गणित कसलं, विकला गेलाय. मास्तर म्हणाले, उंटावरचा शहाणा आहे, खोली कशी लावायची हे ज्याला कळत नाही त्याने स्पीकरला नावं ठेवू नयेत, नाचता येईना अंगण वाकडं. सगळ्यांत मोठ्याने मी ओरडत होतो. पण मनात माझ्या एक लहानसा दिवा लागला होता. ठेंगू वाईट असेल तर चष्मेवाल्याचाही वाईट. आपल्या आंब्याला कीड लागली म्हणून रडत बसावं आणि शेजाऱ्याच्या आंब्यालाही लागलीय असं कळावं, तसं मला जरा बरं वाटलं. मग लगेच दुसरा विचार आला, की ठेंगू वाईट असेल तर ही तिथे रडली कशाला? दिवा विझला.

चष्मेवाला एवढा वेळ चहात बिस्कीट बुडवत होता. तो म्हणाला, “बरोबरच लिहिलंय की त्याने. बाजूला बसलं तर ऐकू येतच नाही.”

“मग तू कसा ऐकतोस?” लिफ्टवाल्याने विचारलं.

“आमच्याकडे येतं,” तो म्हणाला आणि बिस्कीट तोंडात टाकलं.

आमच्याकडे येतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे आमच्याकडे येत नाही, हे ह्याने गृहीतच धरलेलं. त्याला कुणी काही विचारलंही नाही पुढे, कारण मास्तरांनी परीक्षकाला चौघांच्या नावाने सणसणीत उत्तर लिहायचं ठरवलं आणि त्यासाठी पुरावे हवेत असं जाहीर केलं. मला संधी मिळाली. मी म्हटलं, पुरावाच हवा तर जोड्या बदलून बघू. माझी जोडी चष्मेवाल्याने न्यावी, त्याची मी नेतो. सगळे नग सारखेच आहेत का, हे तरी कळेल. माझ्या मनात वेगळंच होतं. ह्याला कंपनीच्या पहिल्या खेपेतला नग मिळालाय, ह्याच्या पेटीचं लाकूड जुनं आहे, असा माझा पक्का संशय होता. चष्मेवाला म्हणाला, “ने की. कधी येऊ?” जराही आढेवेढे न घेता. त्याचाही मला रागच आला.

त्याची जोडी मी माझ्या स्टँडवर चढवली, फीत लावून अंतरं मोजली, तारा जोडल्या आणि गादीवर बसलो. गाणारी बाई मधे उभी राहिली. श्वास ऐकू आला. तसूभरही फरक नव्हता. तरी मी स्वतःला समजावलं, की आपले कान ह्या खोलीला सरावलेत, परीक्षा हिच्याच कानांची घ्यायला हवी. ही टॉवेल घेऊन दारात आलीच.

“चष्मेवाल्याचे स्पीकर आहेत हे,” मी म्हटलं.

“मग?”

“बस ना जरा.”

“कुठे?” ती म्हणाली.

मी उठलो, तिला खांद्यांना धरून गादीवर बसवलं. ही माझ्या गादीवर बसलेली मी पहिल्यांदा पाहिली. खुर्चीच्या कडेवर, डॉक्टरकडे बसतात तशी बसली होती. मी मागे भिंतीला टेकून उभा राहिलो. गाणं सुरू झालं.

“बाई मधोमध दिसतेय का?” मी विचारलं.

“कोण बाई?” तिने मान वळवली.

“मान हलवू नकोस. समोर बघ. मान हलवली की जाते ती.”

ती समोर बघत राहिली. मी तिच्या मानेकडे बघत राहिलो. थोड्या वेळाने मी विचारलं, “श्वास ऐकू आला?” ती म्हणाली, “अहो, मला तुमचाच ऐकू येतोय, अगदी कानात.” गाणं निम्म्यावर आलं असेल, ती उठली. दूध गॅसवर आहे म्हणाली. मी स्वयंपाकघरात जाऊन पाहिलं नाही, पण दूध गॅसवर नव्हतं ह्याची मला खात्री आहे.

म्हणजे नग तेच. मग उरली खोली. चष्मेवाल्याचं छत उंच असेल, त्याच्या पुस्तकांचा फायदा होत असेल. हे सगळं त्याच्यादेखत मोजायला मला लाज वाटत होती. म्हणून तो दुकानात असताना, भर दुपारी, हातातली कामं गुंडाळून आणि खिशात मोजायची फीत टाकून मी त्याच्या घरी गेलो. वहिनींना काहीतरी सांगू, तारा तपासायच्यात म्हणू, असा विचार. दार उघडंच होतं. आतून गाणं ऐकू येत होतं, खरखरीत जुन्या रेकॉर्डवरचं. अशी रेकॉर्ड मी माझ्या खोलीच्या उंबऱ्याच्या आत घेत नाही. ज्याचं ध्वनिमुद्रण उत्तम तेच गाणं माझ्या कपाटात, बाकीचं कितीही थोर असो, बाहेर. हा माझा नियम आहे आणि तो मी अभिमानाने सगळ्यांना सांगत आलोय.

आत पाहिलं तर सोफ्याच्या ह्या टोकाला वहिनी आणि त्या टोकाला माझी बायको. मधे मटारच्या शेंगांचा ढीग आणि एक पातेलं. दोघी शेंगा सोलत होत्या, बोलत होत्या, आणि गाणं चालू असताना बोलत होत्या. आमच्या मंडळीत एवढ्यावरून माणसाला बाहेर काढलं असतं. आणि मधूनच, बोलणं थांबलं की, माझी बायको गात होती. गुणगुणत नव्हती, गात होती. ओळीच्या शेवटी तिचा आवाज त्या रेकॉर्डच्या बाईबरोबर खाली उतरत होता. माझ्या घरात ती भांडी घासतानाही कधी गायलेली मी ऐकलेली नाही. आणि हे सगळं माझ्या स्पीकरांवर. माझेच ठेंगू, मी पुसून पुसून चकचकीत केलेले, तिथे पुस्तकांमध्ये तिरळे होऊन बसले होते आणि तिला गायला लावत होते. सवतीला दागिने देऊन बसलेल्या बाईला काय वाटत असेल, ते मला त्या दारात कळलं.

“अगंबाई, भावजी,” वहिनी म्हणाल्या.

ही म्हणाली, “तुम्ही? आज लवकर?”

“तू बाजारात जाणार होतीस ना?”

“बाजारातूनच आले. मटार दिसत नाहीत का? आणि वहिनींकडे बसणारे, हेही सांगितलं होतं. तुम्ही कानांवर ती झाकणं लावून बसला होतात.”

हेडफोनला ती झाकणं म्हणते. मी म्हटलं, “तारा तपासायला आलो होतो.” वहिनी म्हणाल्या, “तपासा, पण आधी बसा,” आणि शेंगांचा ढीग थोडा मागे सारला. म्हणजे मी बसलो तो बरोबर मधे, दोघींच्या मधे, आणि माझ्या मांडीवर मूठभर शेंगा आल्या. मी शेंगा सोलता सोलता कान लावला. इथे तरी दोष सापडायलाच हवा होता, आणि सापडला.

“वहिनी, हे फार आत वळलेत. मधे बसलं की आवाज मऊ लागतो. धारच नाही.”

“मधे कोण बसतंय इथे?” वहिनी म्हणाल्या. “हे त्या टोकाला बसतात, मी ह्या टोकाला. आधी ह्यांनी तुमच्यासारखेच लावले होते. मला माझ्याजवळच्या डब्यातलंच ऐकू यायचं, ह्यांना त्यांच्याजवळच्यातलं. म्हटलं, असं दोघांनी दोन गाणी ऐकण्यात काय अर्थ? मग मी एकेक फिरवत गेले. हे तिकडून सांगायचे, मी इकडून. जवळचा आपल्याकडे बघत नाही, लांबचा बघतो, मग दोन्ही सारखे येतात. मधलं थोडं बिघडलं खरं. हे म्हणाले, बिघडू दे.”

मी उठून त्या टोकाला बसलो, जिथे ही बसली होती तिथे. तिला थोडं सरकावं लागलं. गाणारी बाई खड्ड्यात पडली नव्हती. पुस्तकांच्या मधोमध उभी होती. मग ह्या टोकाला जाऊन बसलो. तिथूनही तिथेच उभी होती. एवढं लिहिणाऱ्या त्या परीक्षकाला हे सुचलं नव्हतं, आणि मी ते इतकी वर्षं तिरळं तिरळं म्हणून हसत होतो. फीत मी खिशातून काढलीच नाही. मटार सोलून झाले तेव्हा दोघीही मला म्हणाल्या, की तुम्ही शेंगा चांगल्या सोलता. मी म्हटलं, दातांचं काम करतो, नाजूक काम आहे.

घरी आलो तर मास्तरांचा फोन. उत्तर लिहून झालं होतं. त्यांनी मला सगळं वाचून दाखवलं. त्यात एक वाक्य असं होतं, की आम्हां चौघांच्या घरी आजवर बाजूला बसलेल्या एकाही माणसाने ह्या स्पीकरबद्दल तक्रार केलेली नाही.

“मास्तर, बाजूला बसतंय कोण?” मी विचारलं.

पलीकडे आतून त्यांच्या बायकोचा आवाज आला, काहीतरी विचारत होती. मास्तर म्हणाले, “तो मुद्दा नाही.”

“माझं नाव घालू नका,” मी म्हटलं. ते म्हणाले, कवळी, तू फितूर झालास. मी म्हटलं, झालो.

रविवारी चष्मेवाला माझी जोडी परत देऊन स्वतःची घेऊन गेला. जाताना म्हणाला, “काय सापडलं का?” मी म्हटलं, काही नाही. तो हसला. त्याला वहिनींनी सांगितलं होतं की नाही, देव जाणे.

दुपारी मी गालिच्यावरच्या चिकटपट्ट्या उपटून काढल्या. गादी उचलून बाहेर गॅलरीत ठेवली. बाहेरच्या खोलीतला दोन माणसांचा सोफा ओढायला लागलो तेव्हा ही आली. “हे काय चाललंय?” मी म्हटलं, “दुसरं टोक धर.” तिने धरलं. दारातून आत नेताना तिचा हात चौकटीला घासला, ती काहीतरी बोलली, मी ओढत राहिलो. सोफा गालिच्यावर बसला. मग तिला एका टोकाला बसवलं आणि मी स्पीकर आत वळवायला लागलो.

“अजून,” ती म्हणाली. “अजून थोडा. आता तो लांबचा. हां. थोडा मागे. हां, बस.”

हिला ते कसं कळत होतं हे मी विचारलं नाही. तिथे वहिनींबरोबर तिनेही फिरवले असणार. मी माझ्या कपाटातली सगळ्यांत उत्तम रेकॉर्ड लावली. जिच्यावर मंडळीत सगळे मान डोलावतात ती. दुसऱ्या टोकाला बसलो. मधली जागा रिकामी. श्वास ऐकू येत नव्हता, ते मला सुईसारखं टोचलं. पण बाई उभी होती, आम्हां दोघांच्या मधे. आणि ही बसली होती. खांद्यावर टॉवेल नव्हता. गाणं पुढे पुढे सरकत होतं आणि ती उठत नव्हती. शेवट आला, सुई उचलली गेली, तरी बसलेली. मी हळूच तिच्या डोळ्यांकडे पाहिलं. ठणठणीत कोरडे.

“कसं वाटलं?”

“छान आहे,” ती म्हणाली. कुणाच्या तरी घरच्या पडद्यांबद्दल सांगतात तसं.

मग माझ्याच्याने राहवलं नाही. “मग तिकडे रडलीस ती?”

ती माझ्याकडे बघत राहिली. “तुम्ही पाहिलंत?”

“पाहिलं.”

“आणि इतके दिवस गप्प बसलात?”

“कारण शोधत होतो.”

“कुठे?”

“स्पीकरमध्ये.”

ती हसली. मला वाटलं हसून उठेल आणि जाईल, पण ती उठली नाही. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, “स्पीकरचं काय त्यात. वहिनींनी रेकॉर्डींचा गठ्ठा माझ्या मांडीवर ठेवला. म्हणाल्या, तुला काय ऐकायचंय ते काढ. मी काढत बसले. मला असं कधी कुणी विचारलं नव्हतं. त्यात आमच्या ताईचं गाणं निघालं. ती माझे केस विंचरताना म्हणायची ते. पहिली ओळ झाली की वेणीचा पहिला पेड. खूप खरखर होती त्या रेकॉर्डला, पण चाललं.”

हिची ताई आमच्या लग्नाआधीच गेली. मी तिचा फक्त फोटो पाहिलाय. फोटोत तिच्या मांडीशी एक लहान मुलगी बसलेली आहे, घट्ट दोन वेण्या घातलेली. ताई गाणं म्हणायची हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं. इतक्या वर्षांत मी हिला गाण्याबद्दल एवढंच विचारलं, की बाई मधे दिसतेय का.

“कुठलं गाणं?” मी विचारलं.

तिने सांगितलं. मग न विचारता पहिली ओळ म्हणून दाखवली, हळू, खाली बघत. मला कपाट उघडायचीसुद्धा गरज नव्हती. एका भिंतीभर रेकॉर्डी आहेत माझ्याकडे, एकीलाही खरखर नाही, आणि ते गाणं त्यात नाही.

“फोनवर शोधू?” मी म्हटलं. त्या खोलीत फोनवरचं गाणं मी कुणाला लावू देत नाही, पण म्हटलं.

“मी शोधलंय. दुसऱ्याच कुणीतरी म्हटलंय ते. तो आवाज नाही,” ती म्हणाली. “तेवढी एकच रेकॉर्ड आहे, वहिनींच्या वडिलांची.”

मी गॅलरीत गेलो. तिथे गादी होती, तिच्यावर बसलो आणि चष्मेवाल्याला फोन लावला. ह्या माणसाकडे मी आजवर काही मागितलं नव्हतं. मागितली ती जोडी, तीही पुराव्याचं निमित्त करून. रविवार असला तरी तो दुकानात होता, मागे कुणीतरी अक्षरं वाचत होतं.

“अरे, एक रेकॉर्ड हवी होती. एका दिवसापुरती.”

“कुठली?”

मी गाण्याचं नाव सांगितलं. नाव सांगताना अडखळलो, कारण आत्ताच शिकलो होतो.

“हां, वहिनींचं गाणं ना,” तो म्हणाला. “ये, हिला काढून ठेवायला सांगतो.”

त्याला ठाऊक होतं. माझ्या बायकोचं गाणं कुठलं, हे त्याला पाठ होतं, दुकानात गिऱ्हाइकाच्या डोळ्यासमोर भिंगं बदलता बदलता त्याने ते सांगितलं. आणि तो हसलाही नाही. हसला असता तर मला निदान रागावता आलं असतं. मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला.

मी चपला घालत होतो तेव्हा ही बाहेर आली. “मीपण येते,” म्हणाली आणि ओढणी सारखी करायला लागली.

“नको,” मी म्हटलं. “तू आलीस तर तिथेच ऐकत बसशील.”